राकामीमांसा, अर्थात अमर माणसाच्या घाईविषयी

नायक परत आला तर कुणी कारण विचारत नाही. त्याचं नाव मुखपृष्ठावर छापलेलं असतं, त्यामुळे येणं त्याला भागच असतं. खलनायकाची गोष्ट वेगळी. मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर तो सर्वांसमक्ष बुडालेला, जळालेला, गाडलेला, निदान पोलिसांच्या ताब्यात दिलेला तरी असतो. तरीही पुढच्या अंकात पहिल्याच पानावर तो खदाखदा हसत उभा. हे येणं कोणत्या शास्त्राने सिद्ध होतं, त्या हसण्याचं निदान काय आणि अशा इसमाला ठेवायचं कुठे, याचा विचार करण्यासाठी हा अल्पसा प्रबंध. अभ्यासासाठी निवडलेला इसम: राका. धंदा दरोडेखोरी, वय लागू नाही. अभ्यासक्षेत्र: रायपूर शहर, त्यातही तात्यापारा ते गोलबाजार एवढा पट्टा. काळ: कॉमिक्स भाड्याने मिळत होती तो.

मूळ कथा अगदी आटोपशीर आहे. व्यंगचित्रकार प्राण यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'लोटपोट' या बालपत्रिकेत चाचा चौधरी आणले. लाल पगडी, पांढऱ्या मिशा, हातात काठी आणि संगणकापेक्षा वेगाने चालणारा मेंदू. पुढे डायमंड कॉमिक्सने त्यांना घरोघर पोचवलं. राका हा त्यांच्या कथांतला भयंकर डाकू. वैद्यराज चक्रमाचार्यांनी बनवलेलं एक औषध त्याच्या पोटात गेलं आणि तो अमर झाला. बीज एवढंच. मारता येत नाही म्हटल्यावर त्याला कुठे ना कुठे अडकवून टाकायचं आणि अडकवलेला कधी ना कधी सुटायचा, असा क्रम त्यानंतर लागला. वैद्यराजांच्या नावातच निदान आहे, ते मराठी घरात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पण त्यांच्याकडे नंतर येऊ.

हा अभ्यास पुण्यात करता आला नसता. पुण्याच्या मुलाला फुरसुंगीचा फास्टर फेणे घरबसल्या मिळतो, त्याला राकाची निकड कशाला भासेल? रायपूरच्या मराठी घरात वाचनाची दोन खाती होती. घरचं खातं मराठी: महाराष्ट्र मंडळात (स्थापना 1935) होणाऱ्या गणपतीतल्या नाटकाची संहिता, फिरत फिरत आलेला गेल्या वर्षीचा दिवाळी अंक आणि सुट्टीत नागपूरच्या मामाने आणलेलं मराठी इंद्रजाल कॉमिक्स. 1956 पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात नांदत होती. मग नागपूर तिकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि मराठी बालवाङ्मय राज्याच्या हद्दीपलीकडे राहिलं. बाहेरचं खातं हिंदी. ते रोज चाले, कारण दुकान कोपऱ्यावर होतं आणि मामा वर्षातून एकदाच येई.

दोन्ही खात्यांवर एकाच वेळी वाचणाऱ्या मुलाला एक गोष्ट लवकर कळे, जी एकभाषिक वाचकाला जन्मभर कळत नाही. इंद्रजालमधला वेताळ अमर आहे असा जंगलातल्या सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात तो एकविसाव्या पिढीचा वेताळ असतो आणि बापाचा पोशाख मुलाने चढवण्याची ही वहिवाट 1536 सालापासून चालू असते. म्हणजे अमरत्व खोटं, पण नायकाचं. इकडे राकाचं अमरत्व अस्सल, पण ते दरोडेखोराचं. ली फॉकने 1936 साली नायकाला जे नुसतं भासवायला लावलं, ते आपल्या प्राणसाहेबांनी खलनायकाला खरोखरच देऊन टाकलं. या औदार्याचा खुलासा पुढे होईल.

आधी संहिता. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना 1,259 हस्तलिखितं ताडून पाहिली. 1919 साली हाती घेतलेलं काम 1966 साली पुरं झालं. राकाच्या अंकाला विष्णु सीताराम सुखटणकरांसारखे संपादक लाभले नाहीत, त्यामुळे आजही आपण भाड्याच्या प्रतीवर विसंबून आहोत. भाड्याची प्रत ही स्वतंत्र शाखा मानली पाहिजे. दुकानदार नवा अंक आला की आधी त्याच्या पाठीला दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोरा ओवी, वरून खाकी कागद चिकटवी आणि दुकानाचा शिक्का नेमका खलनायकाच्या तोंडावर मारी. पुढे हातोहाती जाताना पाठभेद शिरत. कुणी राकाला चष्मा काढलेला असे, कुणी चाचांच्या बायकोच्या, म्हणजे बिनीचाचींच्या, लाटण्याला काटे. एका प्रतीत चाचांचा धिप्पाड साथीदार साबू याच्या ठोशाखाली कुणीतरी सातच्या पाढ्याची उजळणी केली होती आणि ती सात नवे बासष्ट इथे थांबली होती. हा प्रक्षेप आहे, याबद्दल विद्वानांत दुमत नाही.

पण सर्वांत महत्त्वाचा पाठभेद म्हणजे शेवटचं पान. ते नसे. कारण ते मलपृष्ठाला लागून असे आणि मलपृष्ठ आधी फाटे. एका पक्षाचं म्हणणं, दुकानदारच ते काढून ठेवी, म्हणजे पोरं पुढचा अंक झक मारत नेतील. मला हा पक्ष ग्राह्य वाटत नाही. एवढी दूरदृष्टी असलेला माणूस दिवसाच्या भाड्यावर कॉमिक्स देत बसत नाही. दोष बांधणीचा होता. परिणाम मात्र दूरगामी झाला. शेवटच्या पानावर राका अडकवला जाई आणि तेच पान नाही, म्हणून रायपूरच्या शाखेत राका कधी हरलाच नाही. तो मधूनच दिसेनासा होई आणि मग पुन्हा दिसे. इतर शहरांतले वाचक त्याच्या येण्याने दचकत; आम्हाला त्याच्या जाण्याचंच नवल वाटे. खलनायक परत का येतो या प्रश्नाचं एक उत्तर, निदान आमच्या पट्ट्यापुरतं, हे आहे की तो गेलाच नव्हता.

आता एक आक्षेप. चाचा चौधरी मुळात महानायक आहेत का? ना उडता येत, ना भिंत फोडता येते. वर संसार, कुत्रा आणि 'डगडग' नावाचा जुनाट ट्रक. आक्षेप घेणाऱ्यांनी पगडीकडे नीट पाहिलेलं नाही. सुपरमॅन पाठीवर जे कापड सोडतो, त्याहून जास्त कापड चाचांनी डोक्याला गुंडाळलेलं आहे; आपल्याकडच्या वाऱ्याधुळीत तेच शहाणपणाचं. योगायोग असा की सुपरमॅन आणि प्राण दोघेही 1938 सालचे: एक जूनच्या अंकात अवतरला, दुसरे ऑगस्टमध्ये लाहोरजवळच्या कसूर इथे जन्मले. शिवाय ज्याच्याकडे अंगबळ नाही त्याने ते बाळगावं, असा व्यवहारी मार्ग चाचांनी काढला आणि गुरू ग्रहावरच्या साबूला घरी ठेवून घेतलं. साबू जेवायला बसला की पोळ्या शंभरावर जातात. त्या सगळ्या बिनीचाची लाटतात. या कथांमधली खरी अतिमानवी शक्ती कुणाची, हा प्रश्न इथे उपस्थित होतो, परंतु तो प्रस्तुत प्रबंधाच्या कक्षेबाहेरचा असल्यामुळे (आणि घरात वाचला जाणार असल्यामुळे) सोडून देतो.

साबूविषयी मात्र थोडं थांबायला हवं. तो संतापला की दूर कुठेतरी ज्वालामुखी फुटतो, हे सर्वश्रुत आहे. हा ज्वालामुखी गुरू ग्रहावर असावा असा आमच्या वर्गात समज होता. पण गुरूला घट्ट जमीनच नाही. तो वायूचा गोळा. तिथे ज्वालामुखी फुटायचा तर कशातून? याचं समाधान 1979 साली झालं. व्हॉयेजर 1 यानाने पाठवलेल्या छायाचित्रांत गुरूच्या आयो नावाच्या चंद्रावर जागते ज्वालामुखी दिसले, आणि आयो हा आपल्या सूर्यमालेतला सर्वांत जास्त ज्वालामुखी फुटणारा गोल ठरला. तेव्हा साबू मूळचा आयोचा, आणि दिल्लीबाहेरचा प्रत्येक जण विचारणाऱ्याला जसा 'दिल्लीचा' म्हणून सांगतो, तसा तो स्वतःला गुरूचा म्हणवून घेत असावा. शिवाय आयोवरचे ज्वालामुखी थांबत नाहीत; म्हणजे साबू सतत रागावलेला आहे. त्या पोळ्यांचं गणित पाहता तो अर्धपोटी राहत असावा, हेही संभवतं.

आता मुख्य विषय, वेड.

पाश्चात्त्यांनी या बाबतीत बरीच प्रगती केलेली आहे. बॅटमनचा पहिला स्वतंत्र अंक 1940 च्या वसंतात निघाला, त्यात जोकर पहिल्यांदा आला. पांढरं तोंड, हिरवे केस, न मिटणारं हसू. तोंडवळ्याची प्रेरणा 'द मॅन हू लाफ्स' या 1928 च्या मूकपटातल्या कॉनराड फाइटची. लेखक बिल फिंगर यांनी त्याच अंकात त्याला मारूनही टाकलं होतं, कारण वारंवार निसटणारा गुन्हेगार नायकाला नालायक ठरवतो असं त्यांचं म्हणणं. अगदी रास्त म्हणणं! पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना तो पोरगा आवडला. त्यांनी शेवटी एक चौकट वाढवायला लावली: जखमी जोकर अजून जिवंत आहे, असं सांगणारी. त्या एका चौकटीवर पुढची ऐंशीहून अधिक वर्षं उभी आहेत. खलनायकाच्या पुनरागमनाचं मूळ कारण संपादक हे असतं, हा सिद्धांत यावरून निघतो आणि मराठी मासिकांत लिहिणाऱ्या कुणालाही तो नवा वाटणार नाही.

पण वाचकाला हे कारण सांगता येत नाही. म्हणून निमित्त शोधावं लागतं. अमेरिकेत बरीच वर्षं निमित्त नुसता तुरुंग होता. 1954 साली डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी कॉमिक्स वाचून पोरं बिघडतात असं पुस्तक लिहिलं, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि जोकर बिचारा काही काळ खोडकर विदूषक होऊन राहिला. (आपल्या संसदेनेही 1956 साली तरुणांना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. तो आमच्या आईने वाचलेला नव्हता, पण त्याची अंमलबजावणी तिच्याइतकी कडक कुणी केली नसेल.) मग 1973 साली लेखक डेनी ओनील आणि चित्रकार नील ॲडम्स यांनी बॅटमनच्या 251 व्या अंकात त्याला पुन्हा खुनशी केलं, आणि या वेळी तो वेड्यांच्या इस्पितळातून पळून आलेला होता. पुढच्या वर्षी 258 व्या अंकात त्या संस्थेला नाव मिळालं: अर्कहॅम. तेव्हापासून तिथली व्यवस्था अखंड चालू आहे. बॅटमन पकडून आणतो, संस्था दाखल करून घेते, कुलूप लागतं आणि कुलूप उघडतं. इतक्या वर्षांत कुलूप बदलण्याची निविदा एकदाही निघालेली दिसत नाही.

म्हणजे तिकडचा खलनायक परत येतो तो संस्थेच्या ढिसाळपणामुळे. आपल्याकडे संस्थांचा ढिसाळपणा हे काही कथाबीज होऊ शकत नाही. ते पार्श्वसंगीत आहे. म्हणून आपण मूळच्या मालाकडे वळलो: अमृत.

राहू हा आपल्या वाङ्मयातला पहिला परत येणारा खलनायक. देवांच्या पंगतीत बसून अमृताचा घोट घेतला, सूर्य-चंद्रांनी चहाडी केली, मोहिनीरूप विष्णूने मान उडवली. पण घोट गळ्यापर्यंत पोचला होता. तेव्हापासून तो सूड घ्यायला येतो, गिळतो आणि गळा नसल्यामुळे गिळलेलं बाहेर येतं. पुढचा अंक कधी येणार हे पंचांगात आगाऊ छापून येणारा हा एकमेव खलनायक. रक्तबीजाने दुसरी युक्ती काढली, एका अंकातच असंख्य आवृत्त्या. जय-विजयांनी तीन भागांची मालिका केली. पण राकाच्या सर्वांत जवळचा पूर्वज अश्वत्थामा. कपाळावर न भरणारी जखम, मरण नाही आणि तेल मागत फिरणं. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर तो अजून येतो अशी त्या भागातली श्रद्धा. असीरगड मध्य प्रदेशात. चंबळच्या दऱ्याही मध्य प्रदेशात, जिथल्या डाकूंनी 1972 साली जयप्रकाशांपुढे शस्त्रं ठेवली. फाळणीनंतर प्राण यांचं कुटुंब येऊन राहिलं ते ग्वाल्हेरही तिथलंच. आणि त्या वेळी रायपूरही. अमर शापित माणूस आणि डाकू, दोन्ही एकाच राज्याच्या हद्दीत उपलब्ध असल्यावर त्यांचा संकर होणारच. राका आमच्याच राज्याचा आहे, असा अभिमान तात्यापाऱ्यात काहींना वाटे. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळं झालं आणि मालमत्तेबरोबर हा अभिमानही पलीकडे गेला.

राहू आणि अश्वत्थामा यांना आपल्या अमरत्वाचं काय करायचं ते ठाऊक आहे. पहिला ग्रहणाचा मुहूर्त सांभाळतो, दुसरा शांतपणे दारोदार हिंडतो. दोघांनाही घाई नाही. राकाचं तसं नाही, आणि त्याच्या मनाच्या प्रकृतीचं खरं लक्षण इथेच सापडतं. लोक त्याच्या हसण्यावर जातात. हसणं हे लक्षण नव्हे. खलनायकाला चौकट भरायची असते. या माणसापुढे अनंत काळ पडलेला आहे. चाचांना मिशा पांढऱ्या होऊन जमाना झाला. राकाने एखाद्या झाडाखाली बैठक मारली असती, बासरी शिकला असता, चार पिढ्या थांबला असता, तर ना चाचा उरले असते ना साबू. अख्खा देश विनासायास लुटायला मोकळा. पण तो सुटल्या सुटल्या, अंगावरची माती न झटकता, त्याच दिवशी, त्याच म्हाताऱ्याच्या दारात येऊन उभा राहतो. ज्याला मरण नाही त्याला उशीर कशाचा होतो आहे? वेड म्हणायचं तर याला.

याला शास्त्रीय आधार आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात समर्थांनी मूर्खलक्षणं मांडली, दहाव्यात पढतमूर्खाची. या ग्रंथाचा हिंदी अनुवाद माधवराव सप्र्यांनी केला, ज्यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढलं आणि ज्यांचं 1926 साली रायपुरातच निधन झालं. तेव्हा राकाला दासबोधाची कसोटी लावायची तर ती लावण्याचा पहिला हक्क रायपूरकरांचा, आणि हिंदी खलनायकाला हिंदी दासबोध लावल्यामुळे भाषेचाही दोष येत नाही. कसोटी लावली असता राका पहिल्या समासात बसतो; अंगी बळ आलं की डोकं गहाण ठेवणारा. दहाव्यात बसतात चक्रमाचार्य. आयुष्यभराची विद्या पणाला लावून मृत्यूवर औषध काढलं आणि बाटली दरोडेखोराच्या हाताला लागेल अशी ठेवली. पथ्य नाही, मात्रा नाही, अनुपान नाही. साध्या त्रिफळा चूर्णाबरोबरही मध की कोमट पाणी ते सांगतात. कथेतला मानसिकदृष्ट्या अस्थिर माणूस कोण, याचा निकाल माझ्या मते वैद्यराजांच्या विरुद्ध लागतो; पण ते परत परत येत नाहीत म्हणून सुटले.

आता राकाला ठेवायचं कुठे? बोलण्यात हा प्रश्न आपण फार पूर्वी सोडवलेला आहे. पुण्यात येरवडा म्हणतात, मुंबईत ठाणे, हिंदी मुलखात आग्रा किंवा रांची. रायपूरच्या मराठी घरातली जुनी माणसं नागपूर म्हणत, कारण नागपूरचं मनोरुग्णालय 1864 सालचं आणि तेव्हा राजधानी तीच. राज्य बदलल्यावर शासकीय दृष्ट्या ग्वाल्हेर म्हणायला हवं होतं. पण राकाला रायपुरात पकडून ग्वाल्हेरला पाठवणं म्हणजे त्याला सरकारी खर्चाने माहेरी पोचवणं, आणि तेही छत्तीसगड एक्सप्रेसने, जी तिथे जाईपर्यंत अमर माणसाचाही धीर सुटावा. वेगळं राज्य झाल्यावर बिलासपूरजवळ सेंदरीला मनोरुग्णालय झालं, तेव्हा हा प्रवास वाचला.

मात्र तिथले डॉक्टर त्याला दाखल करून घेणार नाहीत, आणि ते बरोबरच करतील. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं तिसरं कलम स्पष्ट सांगतं की माणूस समाजाच्या नीतिनियमांप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. दरोडा हा आजार नव्हे. कॉमिक्सवाल्यांनी अर्कहॅमच्या नावाने वर्षानुवर्षं मनोरुग्णांची जी बदनामी केली, ती या एका कलमाने खोडून निघते. खऱ्या रुग्णाला झोप लागत नाही, जेवण जात नाही, घरचे लाजेने डॉक्टरकडे नेत नाहीत, आणि बँकेच्या तिजोरीखाली भुयार खणण्याची त्याला अजिबात उमेद नसते. बदनामी सोसणारे खरे आणि मिरवणारे खोटे, असा हा प्रकार आहे.

इस्पितळ नाही, तर तुरुंग. 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंडविधानाच्या 84 व्या कलमाने वेडाच्या भरात केलेलं कृत्य गुन्हा ठरत नसे, पण त्यासाठी आपण काय करतो आहोत हे कळत नसावं लागे. राकाला ते पक्कं कळतं; तो मोठ्याने ओरडून सांगत असतो. तेव्हा शिक्षा. फाशी द्यावी तर कायद्याचे शब्द असे की मरेपर्यंत लटकवायचं. राकाच्या बाबतीत हे काम संपायचं नाही. जल्लाद निवृत्त होतील, त्यांची मुलं अनुकंपा तत्त्वावर लागतील, दोर कुजून नवे येतील, आणि रायपूरच्या मध्यवर्ती कारागृहात एक खोली कायमची अडून बसेल. जन्मठेप द्यावी तर आजन्म म्हणजे किती? इथे कायद्याने आश्चर्यकारक दूरदृष्टी दाखवली होती. त्याच जुन्या दंडविधानाचं 57 वं कलम सांगत असे की शिक्षेचा अंश मोजायचा असेल तेव्हा जन्मठेप वीस वर्षांइतकी धरावी. या आकड्याला मराठी पुरावाही आहे. महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला'त तात्या विंचू 1993 साली संपला आणि 'झपाटलेला 2'मधून 2013 साली परत आला. बरोबर वीस वर्षं. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याने शिक्षा पूर्ण भोगली, एक दिवसही सूट घेतली नाही. मराठी खलनायकाची ही शिस्त हिंदीत आढळत नाही. (तात्या विंचूचा तात्यापाऱ्याशी काही संबंध नाही. होतकरू संशोधकांनी वेळ घालवू नये.)

एक मुद्दा मात्र राकाच्या बाजूने मांडायला हवा, कारण त्याची बाजू आजवर कुणी घेतलेली नाही. चाचा चौधरी सत्तरच्या दशकात आले तेव्हा म्हातारे होते. पुढे देशात रंगीत दूरदर्शन आलं, मोबाइल आले, रघुवीर यादवांनी चाचांचं काम छोट्या पडद्यावर केलं, 2014 साली खुद्द प्राण गेले. चाचा होते तेवढेच म्हातारे आहेत. एक मिशी जास्त पांढरी नाही. बिनीचाचींचा लाटण्याचा हात दुखत नाही. रॉकेट नावाचा कुत्रा, ज्या जातीला पंधरा वर्षं म्हणजे डोक्यावरून पाणी, अजून दूध पितो आहे. या मंडळींनी कुठलंही औषध घेतलेलं नाही. म्हणजे चौधरींच्या मोहल्ल्यात अमरत्व नळाच्या पाण्यासारखं सर्वांना फुकट मिळत होतं, आणि एकट्या राकाला ते औषध म्हणून प्यावं लागलं. वर अमर म्हणून बदनाम झाला तो, अडकवला गेला तो. ही फसवणूक आहे.

तिची दाद मागता येईल का? चक्रमाचार्यांवर दिवाणी दावा लावावा, तर पहिली अडचण पावतीची. दरोडेखोराकडे ती असण्याची शक्यता कमी. दुसरी अडचण मुदतीची. नुकसानभरपाईच्या दाव्याला तीन वर्षं असतात आणि राकाची ती केव्हाच उलटली, बहुतेक कुठेतरी अडकून पडलेला असताना. पण 1963 च्या मुदत कायद्याच्या सहाव्या कलमात एक फट आहे: दाव्याचं कारण घडलं तेव्हा माणूस वेडा असेल, तर त्याची मुदत तो बरा झाल्यावर सुरू होते. म्हणजे राकाने न्यायालयापुढे दोन गोष्टी शाबीत करायच्या. बाटली तोंडाला लावली त्या दिवशी आपण वेडे होतो ही एक, आणि आता पूर्ण बरे आहोत ही दुसरी. पहिली कुणीही मान्य करील. घोडं दुसरीवर अडतं. बरं झाल्यावर दावा लावायला कायदा तीन वर्षं देतो, आणि ज्याचं डोकं खरोखर ठिकाणावर आलं आहे असा अमर माणूस तीन वर्षांच्या आत कोर्टाची पायरी चढण्याची घाई करणार नाही. घाई केलीच, तर प्रतिपक्षाचे वकील नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतील.